शेजारच्या आजोबांनी सीझन तिकीट सोडलं: फुटबॉल सामान्य समर्थकाला परवडतं का?

मिरजेचा_माणूस

नमस्कार मंडळी. मी मूळचा मिरजेचा, गेली अकरा वर्षं उत्तर इंग्लंडमध्ये आहे. बरेच दिवस एक गोष्ट डोक्यात घोळतेय, म्हणून हा धागा.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. वय चौऱ्याहत्तर, आयुष्यभर बस चालवली. इथल्या एका मोठ्या क्लबचं सीझन तिकीट त्यांच्याकडे पन्नास वर्षांच्या वर होतं. आधी वडिलांबरोबर जायचे, मग मुलाबरोबर, गेली काही वर्षं एकटे. सीझन तिकीट म्हणजे हंगामातल्या घरच्या मैदानावरच्या १९ लीग सामन्यांसाठी ठरलेली खुर्ची. आजूबाजूची माणसंही ठरलेली. कुणाच्या घरी कोण आजारी आहे, कुणाची नात कॉलेजला गेली, हे त्यांना त्या रांगेतून कळायचं.

यंदा त्यांनी ते सोडलं. त्यांच्या भागातली ज्येष्ठांची सवलत क्लबने काढली आणि मूळ दरही वाढवला. नूतनीकरणाची मुदत संपली त्या दिवशी ते बागेत गवत कापत होते. कुंपणावरून एवढंच म्हणाले, "संपलं ते."

दुसरी गोष्ट घरातली. मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला एक तरी सामना मैदानावर बघायचाय. हिशेब केला. आधी दोघांचं सभासदत्व घ्यायचं, त्याशिवाय तिकिटाच्या रांगेतही उभं राहता येत नाही. मग दोन तिकिटं, जाणं-येणं, आत काहीतरी खाणं. दीडशे पौंडांच्या वर जातं. एप्रिल २०२५ मध्ये इथे किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झालं. त्या दराने म्हणजे दुकानात उभं राहून काम करणाऱ्या बापाची बारा तासांहून जास्त कमाई, दीड तासाच्या खेळासाठी, तीही करकपातीच्या आधीची.

मला हे परवडेल, ओढूनताणून. आजोबांना नाही परवडलं. हा खेळ ज्यांनी उभा केला त्यांच्याच हातातून तो निसटतोय का? तुमचे अनुभव सांगा, इंग्लंडचेच हवेत असं नाही.

रंकाळा_कट्टा

भावा, वाचून गलबलून आलं. आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमला पाटाकडील विरुद्ध दिलबहार, ह्या दोन तालमींच्या संघांची मॅच असली की शाळा सुटायच्या आधीच आमचं मन सुटलेलं असायचं. तिकीट खिशातल्या खाऊच्या पैशात बसायचं. नसतील पैसे तर तालमीतला कुणीतरी दादा काढून द्यायचा. "पोरगं आपल्या पेठंतलं हाय" एवढी ओळख पुरायची.

पन्नास वर्षं बसलेल्या माणसाला उठवतात म्हणजे काय? आमच्याकडं असं केलं असतं तर अख्खी पेठ रस्त्यावर आली असती. जाळ अन् धूर संगटच!

हिशेबनीस

भावना समजल्या. पण थोडं वेगळं मत मांडतो.

मैदानात खुर्च्या साठ हजार आणि मागणारे पाच लाख असतील तर किंमत चढणारच. पुण्यात गाजणाऱ्या नाटकाचं तिकीट किती झालंय बघा. आयपीएलचं बघा. चांगला संघ हवा, चांगले खेळाडू हवेत, आणि तिकीट मात्र जुन्या दराने हवं, हे कसं जमेल? क्लब ही धर्मादाय संस्था नव्हे. ज्याला परवडत नाही त्याने टीव्हीवर बघावं, आपण सगळे तेच करतो.

सुमेधा_शेफील्ड

हिशेबनीस, नाटकाचं उदाहरण इथे बसत नाही. महाग वाटलं तर मी दुसरं नाटक बघते. क्लब बदलता येत नाही. इथे माणसं घर बदलतात, धर्म बदलतात, क्लब नाही बदलत. जिथे गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊच शकत नाही, तिथे मागणी-पुरवठ्याचा नियम सरळ लागू होत नाही.

मी शेफील्डमध्ये राहते, त्यामुळे एक गोष्ट सांगावीशी वाटते. १५ एप्रिल १९८९ ला इथल्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या सामन्यात चेंगराचेंगरी झाली. ९७ माणसं गेली, त्यातले शेवटचे २०२१ मध्ये. त्यानंतर न्यायमूर्ती टेलर यांचा अहवाल जानेवारी १९९० मध्ये आला आणि वरच्या श्रेणींच्या मैदानांवरची उभं राहायची जागा जाऊन सगळीकडे खुर्च्या आल्या. मैदानं सुरक्षित झाली, हे फार मोठं काम झालं.

पण त्याच अहवालात असंही होतं की खुर्च्यांमुळे तिकीट महाग होण्याचं कारण नाही. उदाहरण ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचं दिलं होतं: खुर्चीला ६ पौंड, उभं राहायला ४. महागाई धरली तरी ते ६ पौंड आज वीसच्या आतच राहतात. अहवालातलं खुर्च्यांचं तेवढं क्लबांनी घेतलं, दराचं विसरले. १९९२ ला प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सगळ्यात वरची लीग, सुरू झाली आणि दर वरच गेले.

मृतांच्या आठवणीवर उभ्या राहिलेल्या व्यवस्थेतून गरीब समर्थकच बाहेर जावा, याचं मला खरंच वाईट वाटतं.

निळी_सायकल

सुमेधा +१. ६ पौंडांचं माहीत नव्हतं.

ऱ्हाईनवरून

जर्मनीतून लिहितेय. इथे चित्र बरंच वेगळं आहे, आणि ते आपोआप तसं झालेलं नाही.

इथे ५०+१ नावाचा नियम आहे. क्लबमध्ये मतांचं बहुमत सभासदांकडेच राहायला हवं. लेव्हरकुसेन, वोल्फ्सबुर्ग असे अपवाद आहेत, पण सर्वसाधारण नियम हाच. त्यामुळे दर ठरवणाऱ्याला समर्थकांसमोर जाऊन उत्तर द्यावं लागतं. उभं राहायच्या जागाही इथे टिकल्या. डॉर्टमुंड क्लबच्या मैदानात दक्षिण बाजूला जवळजवळ पंचवीस हजार माणसं उभी असतात, पिवळी भिंतच ती. बायर्न म्युनिकसारख्या बलाढ्य क्लबचंही उभं राहायचं सीझन तिकीट दोनशे युरोच्या आत मिळत आलंय, अख्ख्या हंगामाचं. बऱ्याच ठिकाणी त्याच तिकिटावर त्या दिवशी शहरातली ट्राम-बसही चालते.

आणि लोक गप्प बसत नाहीत. फेब्रुवारी २०१६ मध्ये श्टुटगार्टला कपचा सामना होता. दर जास्त लावले म्हणून डॉर्टमुंडचे समर्थक पहिली वीस मिनिटं आतच आले नाहीत, आणि आल्यावर मैदानात टेनिसचे चेंडू टाकले. खेळ थांबला. आपल्याच संघाचा सामना, तरीही.

मी पहिल्यांदा उभ्याच्या जागेत गेले तेव्हा बाजूला एक नळजोडणी करणारा माणूस आणि एक दंतवैद्य होता. दोघं वर्गमित्र, वीस वर्षं तिथेच उभे राहतात. इंग्लंडमध्ये त्यातला एकच दिसला असता.

हिशेबनीस

मान्य, जर्मनीची पद्धत छान आहे. पण मग युरोपात जिंकतं कोण, हेही बघा. आणि तिकीट स्वस्त ठेवलं की दलाल ते उचलून दुप्पट-तिप्पट दराने विकतात. फायदा ना क्लबला, ना समर्थकाला.

कॉपवरचा_कोकण्या

दलालांचा मुद्दा बरोबर आहे, पण त्यावर उपाय म्हणजे तिकीट नावावर देणं आणि पुनर्विक्री क्लबनेच मूळ किमतीत करणं. दलाल जे पैसे काढतो ते क्लबनेच काढावेत, हा उपाय कसा?

मी लिव्हरपूलला २०१४ पासून आहे. ६ फेब्रुवारी २०१६ चा दिवस इथे कुणी विसरणार नाही. क्लबने नव्या मुख्य स्टँडमध्ये ७७ पौंडांचं तिकीट जाहीर केलं होतं. समोर संडरलंड, आपण २-० ने पुढे. ७७ वं मिनिट लागलं आणि माणसं उठायला लागली. सुमारे दहा हजार. मी तेव्हा मित्राच्या सीझन तिकिटावर आत होतो. शेजारचा माणूस रडत उठला, कारण तो आयुष्यात कधी सामना संपायच्या आधी उठला नव्हता. जिन्यावर असताना मागून आवाज आला, संडरलंडने गोल केला होता. बाहेर रस्त्यावर पोचेपर्यंत २-२.

चार दिवसांत मालकांनी माफी मागितली, ७७ पौंड मागे घेतले, वरची मर्यादा ५९ वर गोठवली.

त्याच वर्षी दुसरंही झालं. बाहेरगावी जाणाऱ्या पाहुण्या समर्थकांच्या तिकिटाला प्रीमियर लीगने ३० पौंडांची कमाल मर्यादा घातली, २०१६-१७ च्या हंगामापासून. त्यामागे समर्थकांची 'वीस पुरेत' ही कित्येक वर्षांची मोहीम होती. त्याआधी, जानेवारी २०१३ मध्ये, आर्सेनलच्या मैदानावर मँचेस्टर सिटीच्या समर्थकांना ६२ पौंड मोजायला लावले, तेव्हा ९१२ तिकिटं न विकता परत आली होती.

म्हणून हिशेबनीस, "ज्याला परवडत नाही त्याने टीव्हीवर बघावं" हे मला पटत नाही. टीव्हीवाले चार वर्षांचे ६.७ अब्ज पौंड देतात ते काय रिकाम्या खुर्च्या दाखवायला? त्यांना ते गाणं हवं असतं, तो आवाज हवा असतो. तो आवाज करणारा माणूस तिकीट काढून येतो.

रंकाळा_कट्टा

कोकण्या, ७७ व्या मिनिटाचं वाचून अंगावर काटा आला. लई भारी.

कूपरेज_काका

पोरांनो, थोडं अवांतर.

मी गिरगावातला. कूपरेजच्या मैदानावर रोव्हर्स कप ही फुटबॉलची स्पर्धा बघायला आम्ही चालत जायचो. मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र हे मुंबईचे संघ, आणि बंगालहून मोहन बागान, ईस्ट बंगाल आले की गर्दीला अंत नसायचा. माझे वडील कापड गिरणीत जॉबर होते. पाळी सुटली की थेट मैदानात. बाबांच्या अंगाला सुताचा वास आणि हातात शेंगदाण्याची पुडी, माझा फुटबॉल तिथून सुरू होतो. तिकिटाचा विचार केल्याचं आठवतच नाही. परवडणं म्हणजे हेच, की त्याचा विचार करावा लागत नाही.

आता नातू मला ऑनलाइन तिकीट काढून देतो अंधेरीच्या मैदानाचं. मुंबई सिटी या क्लबचे सामने बघतो आम्ही. मैदान लहान आहे, पण खेळ जवळून दिसतो. दर आयपीएलच्या मानाने बरेच बरे. माझी खंत दराची नाही, वेळेची. रात्री साडेसातचा सामना संपल्यावर या वयात गिरगावला परत येणं जड जातं.

फातोर्डेकर

काका, नमस्कार. तुमचा वेळेचा मुद्दा अगदी खरा.

मी मडगावचा. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे घरचंच. मामा साळगावकरचे, बाबा धेंपोचे, दोन्ही गोव्याचे क्लब. सामन्याच्या दिवशी आई दोघांना वेगवेगळ्या खोलीत जेवायला वाढायची. २०१६ ला साळगावकर आणि गोव्याच्याच स्पोर्टिंगने आय-लीग ही देशपातळीवरची लीग सोडली तेव्हा मामा महिनाभर कुणाशी नीट बोलले नाहीत. तिकीट स्वस्त होतं, पण संघच गेला. म्हणून हिशेबनीसांच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे असं मला वाटतं. पैसा अजिबात नसेल तर क्लब तगत नाही.

पण दुसरी बाजूही अनुभवलीय. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफसी गोवा आणि सौदीचा अल नस्र हा सामना आमच्या मडगावच्या फातोर्डा मैदानावर होता. रोनाल्डो येणार म्हणून सगळा गोवा हलला. तिकिटं नेहमीच्या सामन्यापेक्षा कितीतरी पटींनी चढी. आणि रोनाल्डो आलाच नाही. तरी सामना झकास झाला. आपण १-२ ने हरलो, पण ब्रायसन फर्नांडिसने गोल मारला तेव्हा फातोर्डा जे गर्जलं ते मी विसरणार नाही. माझ्या वाड्यावरची चार पोरं, जी एरवी एकही सामना चुकवत नाहीत, ती त्या दिवशी बाहेर होती. गोव्याच्या पोराने आशियाच्या स्पर्धेत गोल मारला आणि गोव्याची पोरं तो मोबाइलवर बघत होती. मोठा सामना आला की नेमका रोजचा माणूस बाहेर राहतो, हे मला टोचतं.

निळी_सायकल

मिरजेच्या माणसा, तुम्ही क्लबचं नाव घेतलं नाहीत ते बरं केलंत, पण सवलती काढण्याचं हे एका जागचं नाही. मँचेस्टर युनायटेडने नोव्हेंबर २०२४ मध्ये, ऐन हंगामात, सभासदांसाठी उरलेल्या तिकिटांचा दर सरसकट ६६ पौंड केला. लहान मुलांना आणि ज्येष्ठांनाही तोच. त्याआधी लहान मुलाचं २५ ला मिळायचं.

हिशेबनीस

ते अर्धंच सांगताय. बहुतेक तिकिटं आधीच विकली गेली होती, हा दर फक्त उरलेल्या थोड्या तिकिटांना होता. आणि क्लब तोट्यात होता. सीझन तिकिटाचा प्रत्येक सामन्यामागचा दर काढलात तर बराच कमी पडतो.

निळी_सायकल

थोडी तिकिटं होती हे खरं. मग थोड्या तिकिटांतून तोटा किती भरून निघणार होता? आकडा मांडू. समजा एका क्लबने तीन हजार मुलं आणि ज्येष्ठ यांना दर सामन्याला २० पौंडांची सवलत दिली. १९ सामने. ३००० × २० × १९ = ११ लाख ४० हजार पौंड. मोठ्या क्लबांतल्या सगळ्यात महागड्या खेळाडूंचा आठवड्याचा पगार तीन लाख पौंडांच्या पुढे आहे. म्हणजे एका खेळाडूच्या चार आठवड्यांच्या पगारात तीन हजार मुलं आणि आजोबा वर्षभर आत बसतात.

आणि सीझन तिकीट स्वस्त पडतं हे ज्याच्याकडे ते आहे त्यालाच. नव्या मुलाला ते मिळायला वर्षानुवर्षं प्रतीक्षा यादीत काढावी लागतात.

हिशेबनीस

हा हिशेब मी असा केला नव्हता. सवलतींच्या बाबतीत तुमचं म्हणणं मान्य. सरसकट दर कमी करावेत हे अजून पटलेलं नाही, कारण त्याचा फायदा दुबईहून एका सामन्यासाठी उडत येणाऱ्यालाही होतो. पण मुलं, ज्येष्ठ आणि त्याच गावातले, यांच्यासाठी वेगळा दर असायलाच हवा.

सुमेधा_शेफील्ड

हिशेबनीस, मोकळेपणाने मान्य केलंत, आवडलं.

१ डिसेंबर २०२४ ला लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानाबाहेर लिव्हरपूल आणि मँचेस्टर सिटी या दोन्हींचे समर्थक दरांविरुद्ध एकत्र उभे राहिले. त्याच दिवशी मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाबाहेरही निदर्शनं होती. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी ही माणसं. रंकाळा, पाटाकडील आणि दिलबहारवाले एका फलकामागे, अशी कल्पना करा.

रंकाळा_कट्टा

ताई, त्याला तिकिटाचा दर पुरायचा नाही, साक्षात अंबाबाईनंच सांगायला पाहिजे :)

ऱ्हाईनवरून

:) हे मात्र भाषांतर करून इथल्या मैत्रिणींना सांगणार.

लंडनची_वैशू

मूळ प्रश्नाकडे येते. मुलाला सामना दाखवायचाय ना? मग फक्त त्या एका क्लबकडे बघू नका.

आर्सेनलच्या महिला संघाचे सामने आता बहुतांश एमिरेट्सवरच होतात, पुरुष संघाच्या साठ हजारांच्या त्याच मैदानावर. मी माझ्या दोन मुलींना घेऊन जाते. माझं तिकीट पंधरा पौंडांच्या आसपास पडलं, मुलींचं त्याहून कमी. खेळ उत्तम, शिव्या नाहीत, धक्काबुक्की नाही. थोरलीला आता लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडची बचावपटू, व्हायचंय. तुमच्या भागातल्या क्लबचाही महिला संघ असेलच.

दुसरं म्हणजे खालच्या श्रेणी. एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर माहीत असेल. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड घेतल्यावर त्या क्लबच्याच काही समर्थकांनी बाहेर पडून काढलेला क्लब. एक सभासद, एक मत. २०१५ पासून स्वतःचं मैदान. सीझन तिकिटाला "जमेल तेवढे द्या" ही पद्धत त्यांनी चालवून दाखवली.

कूपरेज_काका

जमेल तेवढे द्या! आपल्या वारीतल्या अन्नदानासारखंच झालं की. वैशू, छान माहिती.

फातोर्डेकर

वैशूताई, हे पर्याय चांगले आहेत. पण त्या आजोबांना "दुसरा क्लब बघा" असं सांगणं म्हणजे मामांना धेंपोला टाळ्या वाजवायला सांगणं. ते जमणार नाही.

लंडनची_वैशू

आजोबांसाठी नाही म्हणत, मुलासाठी म्हणतेय. आजोबांचं जे गेलं त्याला पर्याय नाही, ते मलाही कळतं.

मिरजेचा_माणूस

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितोय, कारण मधल्या शनिवारी वैशूंचं ऐकून एक गोष्ट केली.

आमच्या घरापासून बसने वीस मिनिटांवर खालच्या श्रेणीतला एक छोटा क्लब आहे. मुलाला घेऊन निघालो होतो. आजोबा दारात उभे होते. विचारलं, येता का? आधी नाही म्हणाले. आम्ही बसथांब्यावर पोचलो तेव्हा मागून येताना दिसले, टोपी घालून.

माझं तिकीट १२ पौंड, आजोबांचं ८, मुलाचं ३. दोन चहा आणि बटाट्याचे काप धरून तिघांचे तीस पौंडसुद्धा झाले नाहीत. प्रेक्षक चारशे असतील. आम्ही गोलच्या मागे कठड्याला टेकून उभे होतो. गोलकीपर आपल्या बचावपटूंना काय ओरडतो ते सगळं ऐकू येत होतं, मुलाने त्यातले दोन नवे शब्द घरी आणले आणि बायकोने मला जाब विचारला.

आजोबांनी खेळ नीट बघितला. उजवीकडचा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा त्यांना आवडला, "याचा पहिला स्पर्श बघ" असं माझ्या मुलाला दोनदा सांगितलं. मध्यंतरात मात्र माझा फोन मागून त्यांच्या क्लबचा स्कोअर बघितला. मग विचारलं, "माझ्या जागी आता कोण बसत असेल, हे बघता येतं का यात?" मी नाही म्हटलं. फोन परत दिला आणि उत्तरार्धात काही बोलले नाहीत.

फातोर्डेकर, तुम्ही म्हणालात तसंच आहे. हिशेबनीस, तुमच्या "टीव्हीवर बघावं"लाही तेच उत्तर. त्यांच्या घरी टीव्ही मोठा आहे, सगळे चॅनेल आहेत.

मुलाला मोठ्या मैदानावर एकदा नेईन, पैसे साठवून. पण दर शनिवारी जायचं ठिकाण त्याला मिळालंय असं दिसतंय. आणखी एक, त्यांच्या क्लबच्या समर्थक संघटनेची सवलतींसाठी सह्यांची मोहीम चालू आहे. आजोबांनी सही केलीच नव्हती, म्हणाले मी आता समर्थक कुठे. काल रात्री आमच्या स्वयंपाकघरात बसून केली. गेल्या पन्नास वर्षांचा खुर्ची क्रमांकही लिहिला.

सुमेधा_शेफील्ड

त्या संघटनेने बाहेरच्यांच्या सह्या चालतात का विचारा. आम्ही वैरी क्लबवाले आहोत, तरी करू.

मिरजेचा_माणूस

विचारलं. चालतात. दुवा व्यक्तिगत निरोपात पाठवतो.

कॉपवरचा_कोकण्या

मलाही पाठवा. आणि पुढच्या शनिवारी मी तुमच्या भागात आहे. त्या छोट्या क्लबाचा सामना असेल तर पोराला घेऊन येतो, सात वर्षांचा आहे. तिकीट आधी काढावं लागतं का?

मिरजेचा_माणूस

आधी काही लागत नाही, फाटकावर रोख चालते. अडीचला या. आजोबा गोलच्या मागे डाव्या बाजूला उभे राहतात, तिथेच शोधा.